पावसाळ्यात हजेरी नाही, कार्ड महाराष्ट्राचं. म्हापशात रेशन मिळेल का?

प्रश्न (म्हापसा): इथे भाड्याच्या खोल्यांत सोलापूर-सांगलीकडची बरीच सेंट्रिंग-प्लास्टरवाली कुटुंबं राहतात. जून लागला की काम तुटतं, खोलीभाडं मात्र पूर्ण द्यावं लागतं. कार्ड गावचं, म्हातारी माणसं गावीच. इथल्या दुकानात धान्य मिळतं का? की नावं कमी करून गोव्याचं कार्ड काढावं?

उत्तर १: नावं अजिबात कमी करू नका. नव्या कार्डाला राहत्या जागेचा कागद लागतो आणि बरेच खोलीमालक तो देत नाहीत. गावचं सुटतं, इथलं होत नाही. अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं कार्ड गोव्यातल्या रेशन दुकानातही चालतं. प्राधान्याचा शिक्का नसलेलं नुसतं केशरी चालत नाही. प्राधान्यात माणशी महिना ५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. कार्डाचा किंवा आधारचा नंबर पुरतो. गावाकडे मिळते ती साखर वगैरे मात्र इथे मिळत नाही.

खरा घोळ वाटणीत होतो. पाच जणांचे २५ किलो, तिघं इथे, दोघं गावी. कुणाही एकाचा अंगठा लागला की यंत्रावर सगळी शिल्लक दिसते. इथे २५ उचलले तर गावची आजी रिकामी पिशवी घेऊन परत. म्हणून अंगठ्याआधीच ‘पंधराच टाका’ सांगा, पावतीवर १५ वाचा, मग पिशवी उचला. उरलेले १० गावी मिळतात.

उत्तर २: अंगठ्याचंही बघा. सिमेंटनं बोटांची कातडी खरवडून रेषा पुसट होतात, यंत्र ओळखत नाही. रात्री खोबरेल लावा. दुकानात जाताना साबणानं धुऊन बोट कोरडं करा, तेलकट बोटही वाचलं जात नाही. दहाही बोटं लावून पाहा. तरी जमत नसेल तर कार्डात नाव असलेल्या, सिमेंटात हात न घालणाऱ्या माणसाला पाठवा. सगळ्यांची ई-केवायसीही (आधारवरून ओळख पटवणं) करून ठेवा, नाहीतर नाव गळतं.

उत्तर ३: धान्य आलं तरी शिजवायला गॅस हवा. मोठ्या सिलिंडरमधून किलोवर भरून घेऊ नका. वजनात मारतात आणि वॉशर गळतो. कंपनीचा ५ किलोचा ‘छोटू’ ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा कागद लागत नाही. किलोमागे घरगुती गॅसपेक्षा महाग पडतो, पण बंद खोलीत पोरं झोपतात, तिथे गळका सिलिंडर नको.

प्रश्नकर्ता: दुकानदार ‘बाहेरचं कार्ड घेत नाही’ म्हणाला तर?

उत्तर १: तिथेच उभं राहून रेशनच्या हेल्पलाइनला, १४४४५ ला, फोन लावा. नाही जमलं तर महिना संपायच्या आत दुसरं दुकान गाठा, एकाच दुकानाचं बंधन नाही.