'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग खेळातल्या ड्रुइडचं, म्हणजे निसर्गपूजक, जादू करणाऱ्या पुजाऱ्याचं, काय करायचं मग?
क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार (फायटर, चोर, ड्रुइड वगैरे), हा फक्त खेळाडूच्या कॅरेक्टर शीटवरचा शब्द, खेळातल्या जगातल्या माणसांना तो ठाऊकच नसतो, असं काहीजण म्हणतात. फायटरपुरतं, म्हणजे लढवय्यापुरतं, मान्य; गावचा पहारेकरीही तलवार चालवतोच. पण या खेळाचं १९७८चं प्लेअर्स हँडबुक (नियमांचं पुस्तक) काढून बघा. १२व्या लेव्हलचे (पायरीचे) ड्रुइड अख्ख्या जगात ९च, १३व्याचे ३, १४व्याचा एकच. वर जायचं तर आधीच्याला लढाईत हरवायचं, हरणारा खाली घसरणार. म्हणजे लेव्हल ही चक्क गादीच झाली की, मग ती त्या जगातल्यांना ठाऊक असणारच! आमच्यातल्या एकाकडे वर चढायला लागणारे एक्सपी (अनुभवाचे गुण) केव्हाच जमले होते, पण ज्याला हरवायचं तो म्हातारा आर्चड्रुइड (१३व्या लेव्हलचा ड्रुइड) कुठल्या जंगलात बसलाय हे शोधण्यातच तीन रविवार गेले. चोर या क्लासला येणाऱ्या सांकेतिक बोलीचंही तेच. कुणीतरी शिकवल्याशिवाय ती येणार कुठून?