घरातला कॉम्प्युटर: तुमच्याकडे किती आले, किती गेले?

कपाट आवरताना फ्लॉपींचा डबा सापडला. एकीत १.४४ एमबी, मोबाइलमधला एक फोटोसुद्धा मावणार नाही. मग हिशेब करत बसलो. आधी सहा माणसांत एक कॉम्प्युटर, मग माणशी एक, आज चालू डेस्कटॉप शून्य. तुमच्याकडे कसं होत गेलं? कॉन्फिगरेशन आठवत असेल तर तेही लिहा, खरा रस त्यातच आहे!

–––

४८६ प्रोसेसर, ८ एमबी रॅम. विंडोज ९५ तेरा फ्लॉपींवरून टाकलं होतं. बाराव्या फ्लॉपीला एरर आली की पुन्हा पहिलीपासून. पाळ्या ठरलेल्या: अर्धा तास दादा, अर्धा तास मी. बाबा आले की दोघांच्याही रद्द. आज माझे दोन लॅपटॉप आहेत आणि पाळी मागणारं कुणी नाही.

–––

मला आकडा सांगताच येत नाही. कॅबिनेट बारा वर्षं एकच, पण आधी रॅम वाढवली, मग हार्ड डिस्क, मग वीज पुरवणारा एसएमपीएस जळला, शेवटी मदरबोर्ड आणि प्रोसेसरही नवे. हा एक धरायचा की चार? सुरू न होता नुसता बीप बीप करायला लागला की रॅम काढायची, तिचे पिवळे पट्टे खोडरबरने पुसायचे आणि परत बसवायची. निम्मे आजार तेवढ्यावर बरे व्हायचे. आताच्या लॅपटॉपची रॅम बोर्डावरच डकवलेली. उघडून करणार काय?

–––

बाबांनी विंडोज एक्सपी सोडलं नाही. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट संपला, तरी त्यांचा हिशेबाचा प्रोग्रॅम त्यावरच चालायचा. शेवटी इंटरनेटची वायर काढली आणि दोघांनाही निवांत सोडलं.

–––

२०२० मध्ये दोन शाळा, दोन ऑफिसं आणि लॅपटॉप एक. अडगळीतल्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (वेगवान डिस्क) घातली, विंडोजऐवजी हलकंसं लिनक्स टाकलं, धाकटीची शाळा त्यावर झाली. नंतर घाईने घेतलेल्या दोन टॅबपैकी एक आता फक्त घड्याळ दाखवतो.

–––

आमच्याकडे कॉम्प्युटर कधी आलाच नाही. थेट फोन. नोकरीचे अर्जसुद्धा बोटांनी पान मोठं करकरून भरले. इथे लिहिलं तर चालेल ना?

–––

चालेल काय, लिहाच!
आणि खोडरबरवाले, निळ्या बाजूने पुसू नका हो. ती खरखरीत असते. माझ्या रॅमच्या पट्ट्यांवरचा मुलामाच गेला होता.