तासगावचा बेदाणा आणि आमचा वाघ्या

नमस्कार मंडळी,
इथे लंडनला रात्रीचा एक वाजलाय, तासगावात सकाळचे साडेसहा. आत्ताच आईचा फोन आला. आमचा कुत्रा वाघ्या काल रात्रीपासून चारदा ओकलाय आणि दूध-भाकरीकडे ढुंकूनही बघत नाहीये. नऊ वर्षांत त्यानं भाकरीला तोंड फिरवलेलं मी पाहिलं नाही. बाबा म्हणतात, ऊन बाधलं असेल, एक दिवस लंघन होऊ दे. आई रडकुंडीला आलीय. आपल्यात जनावरांचे डॉक्टर आहेत म्हणून इथे विचारतेय, वाट बघावी का?
– मूळ तासगाव, सध्या लंडन

अगं, आईला आधी एवढंच विचार, ओकारीत काय पडलं? मार्च चाललाय. वाघ्या बेदाण्याच्या शेडवर जातो का?
– डॉक्टरकाका, लीड्स

काका, विचारलं. ओकारीत फुगलेले बेदाणे होते. काल शेडवर माल झाडत होते, खाली सांडलेलं त्यानं खाल्लं. पण दरवर्षीच थोडंफार खातो की तो!
– मूळ तासगाव

मग थांबायचं नाही. आत्ता गाडी काढायला सांग.
द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. सगळ्याच कुत्र्यांना बाधत नाहीत, आणि किती खाल्ले तर चालतील याचं भरवशाचं माप नाही. म्हणून गेल्या वर्षी पचले यावर जाऊ नका. यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा-तज्ज्ञांनी मांडलं. चिंचेतही तेच आम्ल असतं, तीही लांब ठेवा. शिवाय साधारण चार किलो द्राक्षं सुकून एक किलो बेदाणा होतो, म्हणजे मूठभर बेदाण्यातही बरंच काही पोटात जातं.

आधी ओकाऱ्या, मग अन्न सुटतं, कुत्रं मलूल होतं. इथपर्यंत ते साध्या अपचनासारखंच दिसतं आणि घरचे लंघनावर ठेवतात. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते किंवा थांबते, आणि मग हाती फारसं राहत नाही. म्हणून आजच सलाईन सुरू व्हायला हवं, आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बिघडली की हा आकडा वाढतो) आज, उद्या, परवा, तिन्ही दिवस तपासायला हवं. आज बरोबर आलं म्हणून सोडून देऊ नका. बेदाणा खाल्ल्याचं तिथल्या डॉक्टरांना आईनं पहिल्या वाक्यात सांगावं. मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, त्यानं रक्तातलं मीठ वाढून जीव जाऊ शकतो. घरातली माणसांची गोळीही नको.

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. द्राक्षपट्ट्यातल्या घराघरांत हे सांगायला हवं असं मला फार वाटतं.
– डॉक्टरकाका

काका, मांजरांचंही असंच असतं का? मिरजेला सासूबाईंची मनी चांगली गुबगुबीत आहे. दोन दिवस काही खाल्लं नाही, ओकली एकदाच. केसांचा गोळा असेल म्हणून सोडून दिलंय.
– मिरजेची सून, मँचेस्टर

मांजराच्या बाबतीत उपासाचीच भीती जास्त. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते, कावीळ होते आणि मग ते आणखीनच खात नाही. आजच दाखवा. जाण्याआधी तोंड उघडून जिभेखाली बघा. दोरा अडकलेला दिसला तर ओढू नका, आत आतडं कापलं जातं. आणि पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा जीव घेते.
– डॉक्टरकाका

मंडळी,
चार दिवसांनी लिहितेय. शेजारच्या दादांच्या टेम्पोतून वाघ्याला सांगलीला नेलं. पहिल्या दिवशी क्रिएटिनिन थोडं वाढलेलं होतं, दुसऱ्या दिवशी आणखी. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन सुरूच ठेवलं. आई दोन रात्री बाकावर बसून होती. तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला आणि काल संध्याकाळी त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. आईनं फोन त्याच्या तोंडाशी धरला, चावल्याचा आवाज मी इथे ऐकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचंय.

मी काही बोलायच्या आत बाबांनीच शेडला खालून जाळी मारून घेतली, आणि शेजारच्या दोन शेडवाल्यांनाही सांगून आले.

ताई, मनी कशी आहे?
– मूळ तासगाव, सध्या लंडन