मलावीतली नवजात बाळं: पैसा आधी यंत्रांवर की माणसांवर?

रानवारा: आफ्रिकेतल्या मलावी देशात, ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात श्वास अडखळणाऱ्या बाळांसाठी ‘पुमानी’ हे स्वस्तातलं बबल सीपॅप, म्हणजे नाकातल्या नळीतून दाबाने हवा देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र, वापरून पाहिलं. मूळ रचनेत चक्क फिशटँकचे पंप! २०१४ च्या अभ्यासात नुसत्या ऑक्सिजनवरची ४४ टक्के बाळं जगली, सीपॅपवरची ७१ टक्के. आता आणखी काय पुरावा हवा? मदतीचा पैसा आधी यंत्रांवर लावा. शिबिरं आणि जनजागृती पुष्कळ झाली.

तिरकस: रात्री तीनला नळी निसटली तर बघणार कोण? ब्लँटायरचं रुग्णालय मोठं, तिथे निदान डॉक्टर तरी आहेत. मलावीतल्याच एका जिल्हा रुग्णालयात न्यूमोनियाच्या मुलांना डॉक्टरांच्या रोजच्या देखरेखीविना बबल सीपॅप लावलं, तर साध्या ऑक्सिजनपेक्षा जास्त मुलं दगावली. २०१९ मध्ये छापून आलंय.

रानवारा: अहो, ती नवजात नव्हती. महिन्याच्या पुढची, त्यात कुणी कुपोषित, कुणाला एचआयव्ही. सोयीचं तेवढंच सांगू नका.

तिरकस: वय वेगळं होतं, मान्य. देखरेखीचा मुद्दा तुम्ही शिताफीने टाळलात.

सुईणबाई: दोघेही रुग्णालयातच अडकलात. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं, बालमृत्यू घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं. मलावीतही गावपातळीवर सरकारी आरोग्य सहायक आहेतच की!

तिरकस: ताई, तेव्हा गडचिरोलीत बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. मलावीत २०१५-१६ च्या पाहणीत दहातली नऊ दवाखान्यात झालेली. बाळ दवाखान्यात आलंय, पुढचं तिथेच अडतं. म्हणून म्हणतो, नर्स वाढवा आणि आईला बाळाजवळ खाट द्या. मलावी, भारत धरून पाच देशांत कमी वजनाची बाळं जन्मल्यापासून आईच्या छातीशी ठेवली, तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२१ चा.

सुईणबाई: आणि घरी सोडल्यावर? कमी वजनाचं बाळ चार दिवसांनी थंड पडलं, दूध ओढेना, तर ते ओळखणार कोण?

रानवारा: सुईणबाईंचं पटतं. पण तिरकसराव, तुमच्या त्या २०२१ च्या अभ्यासातल्या रुग्णालयांत सीपॅपची सोय होती, हेही लिहा ना.