मदत हवी आहे: विंडोज ७ वर नेटवर्क ड्रायव्हर बसत नाही, एरर ०x८००४ए०२९

नमस्कार मंडळी,

एका मापनयंत्राला जोडलेला जुना कॉम्प्युटर आहे. यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढे चालत नाही, म्हणून "विंडोज बदला" हा सल्ला कृपया देऊ नका, तो पर्याय खरंच हातात नाही. यंत्राचा डेटा नेटवर्क केबलवरून येतो आणि मध्येच तुटतो. मग अख्खं मोजमाप वाया जातं. गडबड यंत्राची की कॉम्प्युटरची, हे बघायला पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे) पकडणारं सॉफ्टवेअर टाकतोय, तर त्याचा फिल्टर ड्रायव्हर (येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट ज्यातून जातं तो छोटा प्रोग्राम) काही केल्या बसत नाही.

सेटअप ड्रायव्हरच्या पायरीपर्यंत नीट जातो, तिथे अडतो आणि टाकलेलं सगळं परत काढून टाकतो. हातानेही करून पाहिलं: कनेक्शनच्या प्रॉपर्टीज, इन्स्टॉल, सर्व्हिस, हॅव डिस्क आणि आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी). ओके म्हटलं की वर लिहिलेला एरर.

अ‍ॅडमिन म्हणून चालवलं, विनसॉक आणि टीसीपी/आयपी (विंडोजचे नेटवर्कचे मूळ भाग) दोन्ही रीसेट केले, रीस्टार्ट झालं. ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची शंका होती, म्हणून विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधली सेटअपएपीआय डेव्ह लॉग (ड्रायव्हर बसवतानाच्या नोंदींची फाइल) उघडली. तिथे ड्रायव्हर पॅकेज आत घेतल्याची नोंद चक्क "सक्सेस"ने संपते! मग अडतंय कुठे? यंत्र रोज लागतं, त्यामुळे आंधळेपणाने काही करायची भीती वाटते.

प्रतिसाद १

लॉग बघितलीत हे फार बरं झालं, अर्धं काम तिथेच झालंय. सहीची अडचण असती तर गोष्ट इथवर आलीच नसती. तुमच्या एररचा अर्थ एकच: नेटवर्क फिल्टरची कमाल संख्या भरली आहे. (शेवटी ०२४ असतं तर दुसरा एखादा प्रोग्राम नेटवर्कची सेटिंग्ज अडवून बसलाय असं म्हटलं असतं. तुमचं ते नाही.)

विंडोज ७ मध्ये ही मर्यादा मुळात ८ असते. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तिथे) एचकी लोकल मशीन > सिस्टीम > करंट कंट्रोल सेट > कंट्रोल > नेटवर्क इथे "मॅक्स नम फिल्टर्स" नावाची डीवर्ड (म्हणजे आकड्याची) किंमत आहे. ती जास्तीत जास्त १४ करता येते. १४ करा, रीस्टार्ट करा, ड्रायव्हर बसेल.

धागाकर्ता

मनापासून आभार. पण एक कळलं नाही. प्रॉपर्टीजच्या यादीत ८ फिल्टर कुठे आहेत? क्लायंट, फाइल शेअरिंग, आयपीचे दोन प्रोटोकॉल वगैरे सोडले तर फिल्टर म्हणावं असं क्यूओएस पॅकेट शेड्युलर, एका जुन्या व्हीपीएनचं काहीतरी आणि पूर्वी काढून टाकलेल्या अँटिव्हायरसचं नाव, एवढंच दिसतं. त्या दोघांवरची टिकमार्क काढून ठेवली आहे.

प्रतिसाद २

ती यादी पूर्ण नसते. विंडोजचे स्वतःचे काही फिल्टर त्यात दिसतच नाहीत. फायरवॉल ज्यावर चालते त्या डब्ल्यूएफपीचा (विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म) एक, वायफायचे, पॅकेट कॅप्चरचा एक. हे सगळे मर्यादेत मोजले जातात. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "नेटसीएफजी" (netcfg, नेटवर्कचे घटक दाखवणारी आणि काढणारी विंडोजची कमांड), पुढे "-एस" आणि "एन" द्या, लपलेलेही दिसतील. त्यात प्रोटोकॉल आणि क्लायंटही मिसळलेले असतात, तेवढं वेगळं करून वाचा.

आणि टिकमार्क काढल्याने जागा रिकामी होत नाही. त्याने त्या अ‍ॅडॅप्टरपुरता फिल्टर बाजूला होतो, पण इन्स्टॉल तसाच राहतो. नाव निवडून अनइन्स्टॉलच करायला हवं. बटण पुसट दिसलं तर नेटसीएफजीला "-यू" आणि त्या घटकाची आयडी द्या.

माझं स्पष्ट मत: रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी हे दोन उरलेसुरले फिल्टर काढा. प्रत्येक पॅकेट या फिल्टरांच्या रांगेतून जातं. तुमचा डेटा मध्येच तुटतोय, त्यामागे टिकमार्क असलेल्या काळात यांच्यापैकीच कोणी असणं अगदी शक्य आहे.

दोन गोष्टी सांभाळा. आधी रिस्टोअर पॉइंट घ्या. आणि हे काम त्या कॉम्प्युटरसमोर बसूनच करा, रिमोटवरून नको. फिल्टर काढताना किंवा बसवताना नेटवर्क क्षणभर तुटतं, मोजमाप चालू असेल तर तेही जाईल.

प्रतिसाद १

सहमत, आधी सफाई. तरीही आकडा वाढवावा लागलाच, तर एडिटच्या खिडकीत "डेसिमल" निवडून मगच १४ लिहा. तिथे आधीपासून हेक्साडेसिमल निवडलेलं असतं आणि त्यात १४ लिहिलं की ते २० होतं, म्हणजे कमाल मर्यादेच्या बाहेर.

धागाकर्ता

झालं! अँटिव्हायरसचा फिल्टर अनइन्स्टॉल बटणाने गेला. व्हीपीएनच्या वेळी बटण पुसट होतं, तो नेटसीएफजीने काढला. रीस्टार्टनंतर त्याच सेटअपने ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला. मॅक्स नम फिल्टर्स ८ वरच आहे, रजिस्ट्री उघडावीच लागली नाही.

आता एक पूर्ण मोजमाप पॅकेट पकडत चालवतो. डेटा पुन्हा तुटला तर कॅप्चरमध्ये काय दिसलं ते घेऊन नवा धागा काढेन. दोघांचेही खूप आभार.