वाईत राहायला कंटाळा येतो का?
पुण्यातला फ्लॅट सोडून दोन लहान मुलांना घेऊन वाईला जावं का, कंटाळा येईल का असं विचारलंय, तर सहा वर्षं वाईतल्याच गंगापुरी भागात काढलीत म्हणून लिहितोय. शांत आहे, म्हणजे रात्री साडेनऊला गल्लीत फक्त कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज आणि कुत्री. मुलं शाळेतून आली की दप्तर टाकून जी बाहेर पळतात ती दिवेलागणीलाच घरी, आणि शोधायला फोन लागत नाही, समोरच्या काकू ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या असतात त्यांना विचारायचं. (तुमच्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं हेही काकूंना माहीत असतं, ते धरूनच चाला 😀)

पण कायम शांत नाही हां. थंडीत कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने चालतो, कीर्तन, जेवणावळी, मुलं तिकडेच पडीक. आणि शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांनी रस्ता असा तुंबतो की आम्ही भाजी शुक्रवारीच आणून ठेवतो. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कधीकधी ढोल्या गणपतीच्या देवळापर्यंत चढतं, तेव्हा नदीकाठचं घर बघत असाल तर पाणी कुठवर आलेलं ते आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, एजंट सांगणार नाही.

नोकरीचं मात्र आधी बघा. आमचं वर्क फ्रॉम होम आहे म्हणून निभतंय, रोज पुणं अप-डाऊन करणारा शेजारी वर्षभरात परत गेला.