फ्लूचा न्यूमोनिया: बिघाड फुफ्फुसात की रक्तवाहिन्यांत?

नमस्कार मंडळी,
आई-वडील नागपुरात आणि मुलं इकडे परदेशात, अशा घरांसाठी आरोग्य गट एक पानी पत्रक काढतोय. जाणकारांनी दोन शंका सोडवाव्यात. फ्लू किंवा कोविडमध्ये सावरतोय असं वाटणारा माणूस पाचव्या ते दहाव्या दिवशी एकदम का ढासळतो? आणि ‘गुठळ्या होतात’ म्हणून घरीच ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइड घेणं, अशक्तपणा आला म्हणून सलाइन लावणं, हे कितपत बरोबर?
– आरोग्य गट

---

दोन्ही शंकांचं उत्तर एकाच पडद्यात आहे. वायुकोशातली (फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशवीतली) हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा पडदा असतो. त्याच्या हवेकडच्या बाजूला दोन तऱ्हेच्या पेशी असतात. चपट्या पेशी सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग झाकतात. दुसऱ्या, संख्येने भरपूर पण जागा कमी व्यापणाऱ्या, सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा द्रव बनवतात. त्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटत नाहीत. मेलेल्या चपट्या पेशींची जागाही याच भरून काढतात. विषाणू नेमका यांनाच गाठतो, म्हणजे डागडुजी करणाराच जायबंदी.

मग प्रतिकारशक्ती तुटून पडते. केशवाहिनीच्या अस्तराचे सांधे सुटतात, रक्तातलं प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशात झिरपतं आणि उरलासुरला सरफॅक्टंट निकामी करतं. प्रथिनं आणि मृत पेशी मिळून आतून काचेसारखा थर धरतात, त्याला हायलाइन मेंब्रेन म्हणतात. तोवर विषाणू बहुधा ओसरू लागलेला असतो. म्हणून ताप उतरलेला आणि दम वाढलेला, असं विचित्र चित्र दिसतं. फ्लूमध्ये मात्र ताप उतरून पुन्हा चढला तर वर जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याची शंका घ्यायची.

आता रक्ताची बाजू. धड अस्तराला रक्त चिकटत नाही. दुखावलेलं अस्तर फॉन विलेब्रांड फॅक्टर हे चिकटवणारं प्रथिन सोडतं, त्याला प्लेटलेट (गुठळी करणाऱ्या रक्तकणिका) चिकटतात, केशवाहिन्या तुंबतात. २०२० मध्ये कोविड आणि फ्लूने दगावलेल्या प्रत्येकी सात जणांची फुफ्फुसं तपासली, तेव्हा कोविडमध्ये केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या नऊपट आढळल्या. थोडक्यात, जिथे रक्त पोचतं तिथे हवा नाही, आणि हवा आहे तिथे रक्त नाही. फ्लूलाही हलकं घेऊ नका: निदानानंतरच्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे सहापट असतो, असं २०१८ च्या कॅनडातल्या अभ्यासात दिसलं.

म्हणून सलाइनचा हट्ट मला सगळ्यात जास्त खटकतो. गळक्या केशवाहिन्यांत दोन बाटल्या चढवल्या की त्यातलं पाणी फुफ्फुसातच उतरतं. उलट्या-जुलाबांनी शरीर सुकलं असेल किंवा बीपी पडलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

ॲस्पिरिन हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर बंद करू नका. नव्याने सुरूही करू नका. भरती रुग्णांतही कोविडमध्ये तिने मृत्यू कमी झाले नाहीत. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या ६ मिलिग्रॅमचा फायदा कोविडमध्ये ऑक्सिजन लागलेल्यांनाच झाला. ऑक्सिजन लागत नसताना फायदा नाही, साखर मात्र भडकते. स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांवर फोफावणाऱ्या काळ्या बुरशीचे रुग्ण २०२१ मध्ये नागपूरने पाहिले आहेत.

फ्लूची शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध शक्यतो ४८ तासांच्या आत सुरू व्हावं: मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी होतो.
– छातीरोगतज्ज्ञ, नागपूर

---

डॉक्टरसाहेबांच्या उत्तराला आयसीयूतली एक जोड देते. व्हेंटिलेटरवर दर श्वासाला किती हवा द्यायची हे काट्यावरच्या वजनावरून नाही, उंचीवरून ठरतं, कारण माणूस जाड झाला तरी फुफ्फुस वाढत नाही. १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाचं उंचीवरून काढलेलं गृहीत वजन ६१.५ किलो, म्हणजे किलोमागे ६ मिलिलिटरच्या हिशेबाने साधारण ३७० मिलिलिटर, मग काट्यावर ते ९० किलो भरोत. जास्त हवा दिली तर उघडे उरलेले थोडे वायुकोश ताणून फाटतात. २००० च्या मोठ्या चाचणीत किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर दिल्यावर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. ‘बाबांना कमी हवा का देताय?’ असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.
– रेस्पिरेटरी थेरपिस्ट

---

ताई, हे पत्रकात घेतोच. काका, ऑक्सिमीटरचं सांगाल का? फोनवर रोज वेगळाच आकडा कळतो.
– आरोग्य गट

---

डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा १० च्या खाली जातो आणि गार बोटावर यंत्र चुकतं. हात चोळून गरम करायला सांगा, नेलपॉलिश काढायला लावा, पाच मिनिटं बसल्यावर मधलं बोट घाला आणि आकडा स्थिरावल्यावर वाचा. मग घरातच सहा मिनिटं चालवा, सोबत कुणीतरी हवं. आकडा तीनहून जास्त उतरला तर बसताना ९५ दिसला तरी तपासणी हवी. बसून दम लागत असेल तर चालवू नका.

बसून ९३ किंवा कमी, श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त, ओठ निळे, बोलण्यात गोंधळ: यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. जुन्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) माणसाचा नेहमीचा आकडा आधीच लिहून ठेवा. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. परदेशातून रुग्णवाहिकेचा १०८ लागत नाही, म्हणून किल्ली असलेल्या शेजाऱ्याचा नंबर पत्रकात सगळ्यात वर छापा.
– छातीरोगतज्ज्ञ, नागपूर